भिंतीकडे फिरवलेली बाई

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. हातगाडीवर भंगार गोळा करता करता धुळ्यात जुन्या फर्निचरचं दुकान उभं केलं, ते डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानून. तरी हे लिहितोय... कारण हे खोटं म्हणायला मलाच जमलेलं नाही.

सत्तर सालचा उन्हाळा. जळगावला एका साहेबाची बदली झाली, सामान विकायला निघालं. कपाटाच्या सौद्यात घासाघीस करून एक चित्र फुकट पदरात पाडून घेतलं — समुद्राकडे पाठ करून उभी असलेली बाई, वाऱ्यावर उडणारा पदर, नजर थेट आपल्यावर. माझ्या जेवायच्या जागेसमोर लावलं. मी म्हणालो, हवा खायला आलीय. बायकोचं म्हणणं वेगळं, एवढा समुद्र सोडून जी इकडे बघते, ती माहेरचं माणूस येतंय का ते बघते.

टोमणा मला होता. आखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी यायचा आमचा अक्षय्य तृतीयेचा सण, तोंडावर आली होती आणि आमची लेक शोभा अजून फैजपूरला, सासरीच. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी मला चारचौघांत 'भंगारवाला' म्हटलं होतं. ते माफी मागेपर्यंत पोरीला आणायला जाणार नाही, असं मी ठरवलं होतं. चूक त्यांची, मी का वाकू?

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ताट वाढताना बायको म्हणाली, "बठ्ठास्न्या पोरी उन्यात. आपलीच नही." खरंच, सगळ्यांच्या पोरी आल्या होत्या, आमचीच नव्हती. वर ती चित्रातली टक लावून बघतेय... डोकं फिरलं. चित्र भिंतीकडे फिरवलं, ताट सरकवलं आणि व्याह्यांशी एकदाचं भांडून घ्यायला फैजपूरची वाट धरली.

शोभाने पाणी आणलं. वाळली होती. सासरे बाहेर यायच्या आत हळूच म्हणाली, "नाना, डोळे मिटले की तुम्ही जेवताना समोर दिसायचे... आज सकाळपासून नुसती भिंतच का दिसते?"

तांब्या हातातच राहिला. चित्र तिच्या लग्नानंतर आणलेलं. तिला ते कुणी सांगितलेलंही नव्हतं. भांडण तसंच ठेवलं, माफीचा विषय न काढता तिला घेऊन निघालो.

शिकलेल्या लोकांनी मला स्वप्न, योगायोग असं बरंच काही विकायचा प्रयत्न केला. मी एकही माल घेतला नाही. कारण घरी आल्यावर शोभाने स्वतः चित्र सरळ केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही कोण, नाना?"

"तुला नाही माहीत?"

"हिला कधीच नाही पाहिलं. मला फक्त तुम्ही दिसायचे."