शनिवारची धाप

अब्बासभाईंचं ठाम मत, माणूस बसला की गंजतो. मालेगावातले यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. शनिवारी संध्याकाळी, मागावरची पाळी संपवून मैदानावर पळताना, दोन फेऱ्यांतच त्यांना धाप लागायची, छातीत शिट्टी वाजायची. दोष अर्थातच शुक्रवारच्या आरामाचा. मग भाईंनी उपायही काढला: शुक्रवारीही पळायचं, तेही दुप्पट.

त्यांची बायको सुरय्या हिला नवरा दिवसा दिसे तो शुक्रवारीच. तोही मैदानाने नेला. एका शनिवारी भाई घराच्या पायरीवरच बसले, शब्द फुटेना. तिने पाठीला कान लावला आणि सोमवारी त्यांना हट्टाने नाशिकच्या एसटीत बसवलं.

तिथल्या डॉक्टर आभांनी खाणं विचारलं, वय विचारलं, आणि मग धाप कोणत्या वारी लागते तेही विचारलं. भाईंनी सगळं सांगितलं, शुक्रवारी पाच फेऱ्या मजेत होतात हेही, जरा छाती फुगवूनच.

"अंगात ताकद नसती, तर शुक्रवारीही धाप लागली असती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ती कामानंतर लागते."

पुढचे दोन आठवडे पाळीच्या आधी आणि नंतर भाई श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत फुंकत राहिले. शनिवारी संध्याकाळचा आकडा सगळ्यात कमी. सुताची धूळ छातीत जात होती, आणि एका दिवसाच्या सुटीनंतर ती जास्तच बाधत होती. दम्याचाच प्रकार, पण वेळेवर सापडला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पंप मिळाला, मास्क आला, शेठने मागावरून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. पळायलाही परवानगी होती.

भाईंना कुणाचे किती आभार मानू असं झालं. डॉक्टरांना खजूर, शेठला दुआ, नळीचंसुद्धा कौतुक. पुढच्या शुक्रवारी ते खुशीत बूट चढवत होते.

"सगळ्यांचा शुक्रिया झाला?" सुरय्याने विचारलं. "डॉक्टरांच्या आधी ती शिट्टी मी ऐकली होती."

भाईंनी वाकून नाड्या सोडल्या.

"माझ्या श्वासाकडे तुझं लक्ष होतं," ते म्हणाले. "तुझा शुक्रवार गेला, ते मला दिसलंच नाही."

त्या दुपारी, नमाजनंतर, दोघं किती तरी दिवसांनी एका ताटात जेवले.