होडीतलं अळू
लीड्समधल्या दुकानात अळकुड्यांना चिकटलेल्या ओल्या मातीचा वास आला आणि म्युझियममधली ती दुपार आठवली. आई तेव्हा कायमची राहायला माझ्याकडे आली होती. पुण्याहून निघताना तिने परसातले अळूचे कंद ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवले होते. एअरपोर्टवर अडवतील म्हणून मीच ते काढायला लावले. म्युझियममध्ये एक तरुण संशोधक बाई पॅसिफिकमधल्या एका बेटावर सापडलेली दगडी पाती दाखवत होत्या. पात्यांच्या धारेवर हजारो वर्षांपूर्वीच्या अळूचे कण मिळाले होते. अळू मूळचं त्या बेटावरचं नव्हतं, तिथे पहिल्यांदा गेलेल्या माणसांनी ते होडीतून नेलं, असं त्या म्हणाल्या. मी आईला मराठीत सांगितलं. "त्यांच्या होडीत तू नव्हतास, म्हणून जमलं," आई म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "मग करमलं असेल ना रे त्यांना तिथे?" मी घाईघाईने हो म्हणालो. हिवाळ्याआधीच ती पुण्याला परत गेली. कंद आणू दिले असते तर राहिली असती का, हे तिच्या माघारी मी अजून स्वतःला विचारतो. आज एक अळकुडी घरी आणली. भाजीला नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे.