पडद्याकडे पाठ

माझी आत्या चित्रपटगृहात तिकीट खिडकीवर बसते. मुलांचा नवा सिनेमा लागला, की पहिल्या खेळाला ती पहिल्या रांगेपुढे स्टूल टाकते आणि पडद्याकडे पाठ करून पोरांचे चेहरे बघते. मग खिडकीवर येणाऱ्या आयांना कोणता दाखवावा ते सांगते.

या आठवड्यात अस्वलाचा सिनेमा लागला. पोस्टरवर गोजिरवाणं पिल्लू, वर मालकाने लावलेली पाटी, 'सहकुटुंब पाहा'. आत मात्र पिल्लाच्या डोळ्यांदेखत शिकारी त्याच्या आईला मारतात. पोरं आयांच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती. आत्याचं डोकंच फिरलं. "हा नको, पलीकडच्या पडद्यावरचा बकरीचा बघा," असं ती एकेकीला सांगू लागली.

मालक तणतणत आला. "तिकिटं विकायला बसलात की सिनेमे नापास करायला? उद्यापासून खिडकीवर दुसरी बाई बसेल."

"बसवा. तिलाही डोळे असतीलच."

संध्याकाळी मालकाची नात सिनेमा बघायला आली. तिचा हात धरून तो खिडकीशी वाकला आणि हळूच म्हणाला, "हिला कोणता दाखवू?"

आत्या भडकली. "तुमची नात तेवढी नाजूक, आणि लोकांची पोरं काय दगडाची?" तिने तिकिटांवर हात ठेवला. "आधी ती पाटी उतरवा. मग बकरीची दोन तिकिटं देते. आणि उद्याही मीच देणार आहे."

नात आजोबांकडे बघत राहिली. मालकाने आत्याचंच स्टूल ओढलं आणि पाटीखाली ठेवलं.