अगत्ती पडली तेव्हा

आमच्या कुंभकोणमच्या घरामागं विड्याच्या पानांची एक वेल आहे, सासऱ्यांनी लावलेली. ते गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी तिला पाणी घालतात आणि "ऐकलंत का" म्हणून घरातल्या साऱ्या तक्रारी सांगतात. त्यांत निम्म्या माझ्याच असतात, ते मला स्वयंपाकघरातून स्वच्छ ऐकू येतं. वेल चढली होती हादग्यावर. आम्ही तंजावरची मराठी माणसं त्याला इथल्यासारखं अगत्तीच म्हणतो.

दिवाळीनंतरच्या वादळात अगत्ती मुळासकट आडवी झाली, आणि वेल चिखलात लोळली. सासूबाई मागच्या पायरीवर बसल्या. "ही पण गेली तर त्यांचं काय उरलं मला?" म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

नवऱ्यानं घाईघाईनं प्लास्टिकचा पाइप रोवून त्याला वेल बांधली. दिसायला झकास. पण वेल काही पाइप धरेना. पेरापेरांतून फुटलेली बारीक मुळं हवेतच लोंबायची आणि वाळायची. सावली गेल्यामुळं पानंही करपली. शेवटी सासूबाईंनी सुतळी सोडली, वेलीचं वेटोळं मातीत पुरून शेंडा तेवढा वर ठेवला आणि भोवती अगत्तीचं बी टोचलं.

पडलेलं झाड हलवताना मुळांवर बारीक गाठी दिसल्या. एक नखानं फोडली तर आत गुलाबी. त्यांत जिवाणू राहतात, हवेतलं खत मातीत आणतात, हे शाळेत पाठ केलं होतं. हातात कधी धरलं नव्हतं. ते झाडाला पोसतात, झाड मातीला, माती वेलीला, आणि वेलीचं पान आमच्या देवापुढं. मी चिखलात तशीच उकिडवी बसून राहिले.

दोनेक महिन्यांनी आलेल्या वैकुंठ एकादशीपर्यंत रोपं कमरेला लागली. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, अगत्तीच्या पाल्याची भाजी खाऊनच उपास सोडायचा, आणि बाजारचा पाला सासूबाईंना चालत नाही. टोपली घेऊन गेल्या आणि रिकामीच घेऊन आल्या.

"पाला ओरबाडला तर वेलीला ऊन लागेल," म्हणाल्या. आवळा आणि तुळशीच्या पाण्यावर उपास सोडला.

"आणि तुमचं शास्त्र?" मी विचारलंच. जन्मभर मला त्याच शास्त्रावरून बोलणी बसलेली.

"देव थांबेल गे. त्याला ऊन लागत नाही."

पोंगल होऊन गेल्यावर एका सकाळी त्यांनी मला हाताला धरून मागं नेलं. रोपाच्या कोवळ्या सालीवर वेलीची मुळं चिकटून बसली होती, दोऱ्याहून बारीक. वेल झाडाचा रस पीत नाही, नुसता आधार घेते. मी बोटानं हळूच उचलून पाहिली. सुटेना.

"ओढू नको. धरलंय तिनं." त्यांनी माझा हात बाजूला केला, पदरानं डोळे पुसले आणि वेलीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का?"

पुढं काही तक्रार आलीच नाही.