ब्रेकचं तेल जातं कुठं?

पहिल्या बाळंतपणाला मी कामठ्याला माहेरी आले होते. दिवस भरत आलेले. तपासणीसाठी मला गोंदियाला न्यायचं काम बाबांकडे, त्यांच्या सेकंडहँड कारमधून. त्या कारवर त्यांचा भारी जीव.

वाटेत ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा. बाबा आधी हँडब्रेक ओढलेला राहिलाय का ते बघायचे, मग गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचे आणि डबीत ब्रेकचं तेल ओतायचे. दिवा गप्प. शेतातला पंप सुरू करायच्या आधी त्याला पाणी पाजावं लागतं, तसंच गाडीलाही, असा त्यांचा सरळ हिशोब. तहान लागली बाईले, म्हणायचे.

तपासणीच्या आदल्या दुपारी अंगणातच तो दिवा लागला. बाबा बाटली आणायला घरात गेले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पंपाला पाजलेलं पाणी शेतात जातं, दिसतं. हे तेल जातं कुठं?

आईला गाडीत बसवून चावी फिरवायला लावली आणि मी डबीचं झाकण उचललं. झाकणाखाली एक बंद नळी लोंबत होती, तिच्याभोवती पोकळ कडं. कडं सर्रकन खाली घसरलं, आई आतून म्हणाली, दिवा लागला. बोटानं वर केलं, तर गेला. मी पुन्हा पुन्हा केलं, शेवटी आई वैतागली. उघडी तार कुठंच नाही, मग दिव्याला कळतं कसं? ओढणीची पिन त्या कड्याजवळ नेली, तर चटकन चिकटली. अगं बाई, लोहचुंबक!

नळीच्या आत दोन बारीक पात्या असतात, हे पुढं मेकॅनिकनं सांगितलं. तेल उतरलं की तरंगणारं कडं खाली येतं, चुंबकानं पात्या जुळतात, दिवा लागतो. मधे प्लॅस्टिकची भिंत, तेलाला वीज शिवत नाही, तरी निरोप पोचतो. माझ्या अंगावर काटाच आला. पोटातल्या बाळालाही अजून कोणी पाहिलं नव्हतं, पण लाथ मारून ते सगळं सांगायचंच की!

बाबा बाटली घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, हे कडं फक्त तेल किती आहे तेवढं सांगतं. तुम्ही भरता, ते गप्प बसतं. पण गाडी तेल पीत नाही, ते बाहेर जात असेल.

 बाबा वाकून एकेक चाक बघत गेले. मागच्या टायरची आतली बाजू ओली होती. बोट लावून त्यांनी ते चोळलं, हुंगलं आणि तिथंच मातीत बसले. उद्या याच गाडीनं निघणार होतो आम्ही. बराच वेळ ते माझ्या पोटाकडे बघत राहिले.

"थे मले सांगून राहिली होती, पोरी," बाबा म्हणाले, "अन् मी तिच्या तोंडात तेल ओतून तिले चूप करून राहिलो."