शाल दिली, लॉगिन राहिलं

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटरवर कुणाला काय उघडता येईल, हे बघणं माझं काम होतं. माणूस आला की कुठूनही चालणारं लॉगिन द्यायचं, गेला की बंद करायचं. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे माणूस जाताना शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात, डोळे पुसले जातात. त्यानंतर त्याचं लॉगिन बंद करणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट ओढल्यासारखं.

फिजिक्सचे सर असेच गेले. समोरच्या क्लासने त्यांना नेलं. बारावीला मला त्यांनीच शिकवलं होतं. निरोपाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांचं लॉगिन बंद करायला बसले, तर आमचे संचालक म्हणाले, "सरांचं नाव काढायलीस? राहू दे की. बरं दिसत न्हाई."

एरवी मी कुणाचं ऐकणारी नाही. तेव्हा ऐकलं, कारण मलाही तेच हवं होतं.

दोन महिन्यांनी आमच्या सराव परीक्षेचा पेपर समोरच्या क्लासने आपल्या मुलांकडून आदल्या दिवशीच सोडवून घेतला. सगळ्यांची बोटं पेपर टाइप करणाऱ्या काकूंकडे वळली. संचालकांनी त्यांना संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. काय सांगणार, ते शिपायालाही ठाऊक होतं. काकूंनी डबा, चष्मा, देवाचा फोटो पिशवीत भरून ठेवला. मला ते बघवेना.

मी नोंदी काढल्या. पेपर दोघांच्या नावाने उघडला होता. एकदा काकूंच्या, आणि त्यानंतर सरांच्या. मी सरांना फोन लावला.

"मी न्हाई गं उघडला," ते म्हणाले. "पण माझा तिकडचा पासवर्ड इथं नव्या क्लासात समद्यांना ठाऊक हाय. टेबलाच्या काचेखालीच ठेवलाय. आपण काय चोर हाव का लपवायला?"

मला आई आठवली. आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात काका गेले. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर आईने रेशनकार्डावरून दिराचं नाव काढू दिलं नाही. पुढे कळलं, त्या नावावरची साखर भलताच कुणी उचलतोय. दुसऱ्या दिवशी आई जीपने तहसीलला गेली आणि स्वतः उभी राहून नाव कमी करून आली. "नाव काढल्यानं माणूस जात न्हाई," म्हणाली. "उघडं टाकलं तर मातर कुणीबी हात घालतंय."

मी सरळ केबिनमध्ये शिरले. काकू उभ्याच होत्या.

"काकूंचा दोष नाही," मी नोंदींचा कागद टेबलावर ठेवला. "सरांचं लॉगिन चालू राहिलं, त्यातून पेपर गेला. चूक माझी. आणि थोडी तुमच्या शालीची."

संचालकांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "काकू, बसा."

मी संचालकांच्याच कॉम्प्युटरवर सरांचं लॉगिन बंद केलं. सरांवरची माया तसूभरही कमी झाली नाही, आजही नाही.

बाहेर आल्यावर काकू पिशवीतून देवाचा फोटो काढून परत जागेवर लावत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी रिटायर झाले की माझंबी नाव काढशील का गं?"

"हाव. त्याच दिवशी."

"शालीच्या आधी काढ," काकू म्हणाल्या.