रिकाम्या जागेची ऊर्जा

तारा गोल असतो, या एका गोष्टीवर आमच्या सरांनी आयुष्य काढलं. सर म्हणजे माझे गाईड. त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध विद्यापीठात जाऊ शकत नव्हता. साठच्या दशकातलं बेंगळूर, आणि त्यांच्या हाताखाली गुरुत्वाकर्षणावर काम करणारी मी एकटीच मुलगी. इतकी वर्षं झाली तरी त्यांचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

प्रश्न वरवर सोपा होता. उष्णता घ्या, वीज घ्या, तिची ऊर्जा अमुक जागी अमुक इतकी असं सांगता येतं. मग गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्राची का सांगता येऊ नये? पण सापेक्षतेच्या सिद्धांतात नेमकं तिथेच घोडं अडतं. विहिरीवर पोहऱ्याचा दोर तुटला की पोहरा आणि पाणी बरोबरच खाली जातात, आणि तेवढा वेळ पाण्याचा भार पोहऱ्याला जाणवत नाही. बरोबर पडणाऱ्याला जे क्षेत्र जाणवतच नाही, त्याची त्या जागेवरची ऊर्जा मोजणार कशी? खूप लांबून पाहिलं, तर सगळी मिळून ऊर्जा किती, संवेग किती, हे सांगता येतं. इथे किती आणि तिथे किती, हे नाही.

सरांना हे पटत नव्हतं. ताऱ्याभोवती थर कल्पून प्रत्येक थरातल्या ऊर्जेचं गणित त्यांनी केलं होतं आणि त्यावर नाव कमावलं होतं. तारा गोल, म्हणून त्यांनी अंतर आणि कोन घेऊन सगळं मांडलं, आणि तिथेच माती खाल्ली. ऊर्जेचं ते सूत्र सरळ, काटकोनी अक्षांवरच धड चालतं. कोन घेतले की वाटेल ते सांगतं. मी एकदा सहज ताऱ्याचं वस्तुमान शून्य धरून पाहिलं. तारा गेला, क्षेत्र गेलं, तरी थराथरात ऊर्जा शिल्लक. यात माझी हुशारी काही नव्हती. जुन्या जर्मन मासिकांत हे कधीच छापून आलेलं होतं, फक्त सरांनी ते वाचलेलं नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत जाऊन दाखवलं.

"सरी, सरी," ते कानडीत बरं, बरं म्हणाले. "पण नोडम्मा, हे बघ बाई, वस्तुमान शून्य धरायचंच कशाला? तारा आहे म्हणून तर आपण गणित करतोय."

मी पुन्हा गेले, पुन्हा तेच उत्तर. तिसरं प्रकरण त्यांच्या पद्धतीने लिहून आण, मग सही.

घरी राजाजीनगरात वेगळाच तगादा होता. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. प्रबंध झाला की मुलीचं लग्न, असं सांगून त्यांनी नातेवाइकांना थोपवून धरलं होतं.

"साहेबाचं ड्रॉइंग चुकलं तर आम्ही मशिनवर गुपचूप सुधारून घेतो," ते म्हणाले. "साहेबाला सांगत बसत नाही."

"अण्णा, इथे सुधारलं तर साहेब सहीच करत नाहीत."

ते वर्तमानपत्र उघडून बसले. त्यांचाही मला रागच आला.

मग ते व्याख्यान आलं. आमच्याकडे रीत अशी, की सर खुर्चीत बसून बोलायचे आणि विद्यार्थ्याने फळ्यावर लिहीत जायचं. प्रश्न आला तर उत्तर सरांनी द्यायचं, आपण तोंड उघडायचं नाही. त्या दिवशी बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक समोर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "वस्तुमान शून्य केलं तर?"

सरांनी वळूनही पाहिलं नाही. "आकडेमोड या मुलीची आहे," ते म्हणाले. "तिच्याकडून कुठेतरी चूक झालेली दिसते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडू माझ्याच हातात होता. मी वस्तुमानाच्या जागी शून्य लिहिलं, उरलेल्या ऊर्जेभोवती चौकट काढली, शेजारी काटकोनी अक्षांवरचं उत्तर, शून्य, मांडलं आणि म्हणाले, "आकडेमोड बरोबर आहे. पद्धत सरांची आहे."

कोणी हसलं नाही. पाहुण्यांनी मान डोलावली, आणि कॉफी आली.

संध्याकाळी सरांनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही. "ते उद्यापर्यंत गेस्ट हाऊसवर आहेत. जाऊन सांग, घोटाळा तुझा होता म्हणून. मी सही करतो."

"सर, हे मी तुम्हाला याच खोलीत कितीदा सांगितलं होतं."

"तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं," ते म्हणाले. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटतही नव्हतं.

मी गेस्ट हाऊसवर गेले नाही. त्यांनी सही केली नाही. सरांनी टाकलेल्या मुलीला घेऊन वाईटपणा पत्करणारा दुसरा गाईड साऱ्या संस्थेत निघाला नाही, आणि वर्ष सरायच्या आत अण्णांनी माझं लग्न लावून दिलं. अजूनही कोणीतरी विचारतं, इतक्या शिकलात, मग पीएच.डी. का नाही केलीत? मी सांगते, केली होती. सही तेवढी राहिली.